मापाचा पंखा

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर गेले वर्षभर एक वस्तू आहे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाऱ्याने उडू नयेत म्हणून मी ती त्यांच्यावर ठेवतो. घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिच्याकडे पाहतो, मग माझ्याकडे पाहतो आणि मग काहीतरी अंदाज बांधतो. एका प्राध्यापकमित्राने तिला आधुनिक शिल्प ठरवले आणि तिच्यातल्या 'गतीच्या आभासा'वर तो दहा मिनिटे बोलला. शेजारच्या काकूंना ती हॉटेलातल्या मिक्सरची पाती वाटली. आमच्या सौ.ने तर पहिल्याच दिवशी निकाल दिला होता, "भंगारवाला शनिवारी येतो."

ती वस्तू म्हणजे होडीच्या इंजिनाचा पंखा. तीन पात्यांचा, ॲल्युमिनियमचा, सव्वानऊ इंच व्यासाचा. एका पात्याची कड खडकाला घासून किंचित दुमडलेली आहे. मराठीचा अध्यापक आणि होडीचा पंखा यांचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. दीड वर्षापूर्वी कोणी विचारले असते, तर मीही 'काही नाही' असेच उत्तर दिले असते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर एका रात्री फोन आला. "सर, ओळखलंत का?" या प्रश्नाला आम्ही शिक्षक लोक फार भितो. पण त्याने नाव सांगितले आणि मी ओळखले. जरा जास्तच ओळखले.

पुण्याला येण्यापूर्वी मी आठ वर्षे कोकणात, एका तालुक्याच्या गावच्या कॉलेजात होतो. तिथे दुसऱ्या वर्षाच्या वर्गात हा मुलगा शेवटच्या बाकावर बसे आणि पहिल्या तासाला हटकून झोपे. एकदा समुद्रप्रवासाचा एक जुना उतारा शिकवताना 'नाळ' हा शब्द आला. मी वर्गाला अर्थ विचारला. बाळाच्या नाळेपासून घोड्याच्या नालेपर्यंत सगळी उत्तरे आली. शेवटच्या बाकावरून, अर्धवट डोळे उघडून, हा म्हणाला, "होडीचं पुढचं टोक, सर." उत्तर अगदी बरोबर होते. मी मात्र त्याचे कौतुक करायचे सोडून म्हणालो, "झोपायचंच असेल, तर घरी जाऊन झोपावं. बाक शिकणाऱ्यांसाठी आहेत." वर्ग हसला. दोन आठवड्यांनी तो कॉलेज सोडून गेला. पुढच्या सहा-सात वर्षांत मी त्याला विसरलो होतो असे म्हटले, तर ते खोटे होईल.

"सर, एक इंग्रजी पुस्तक वाचून सांगायचं होतं," तो फोनवर म्हणाला.

"कुणाचं?"

"इंजिनाचं."

मी दचकलो. तो पुढे बोलतच होता. "इंजिन ओढत नाही, सर. दुकानदार म्हणतात, लहान पडतंय, पंधराचं घ्या. बाबा म्हणतात, होडीच विका. आई म्हणते, माझ्या पाटल्या न्या आणि मोठं इंजिन आणा. पण पुस्तक कुणीच वाचलेलं नाही. तुम्ही वर्गात म्हणायचात ना, आधी मूळ पुस्तक वाचा, मग टीका वाचा."

म्हणजे झोपेतही त्याने काही ऐकले होते तर! आपलेच वाक्य असे परत आल्यावर माणसाला नाही म्हणता येत नाही. सौ. म्हणाली, "मागच्या महिन्यात मिक्सरचं झाकण बसेना म्हणून शेजारच्या काकूंना बोलावलंत. आणि आता इंजिन?" तिचे म्हणणे खरे होते. तरी मी गुहागरच्या एस.टी.चे तिकीट काढले.

दाभोळच्या खाडीच्या दक्षिण तीरावर त्याचे घर. अंगणात जाळी, पडवीत बर्फाच्या पेट्या, आणि आंब्याला बांधलेल्या झोपाळ्यावर त्याचे वडील. पाठीचा मणका सरकल्यापासून ते समुद्रावर जात नाहीत; बसल्या बसल्या जाळी विणतात. साऱ्या वाडीत त्यांना अजून तांडेल म्हणतात. होडी खाली वाळूवर ओढून ठेवली होती. फायबरची, बावीस फुटांची. मागच्या फळीवर ९.९ अश्वशक्तीचे नवे कोरे इंजिन, कर्जाने घेतलेले. तिथे त्याला 'दहाचं इंजिन' म्हणतात.

पाटल्यांपर्यंत गोष्ट का आली, ते मला त्याच्या आईने सांगितले. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू झाला. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी हा, त्याचा धाकटा भाऊ आणि आणखी दोघे मासळी भरून परतत होते. खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे. ओहोटीला आतले पाणी जोराने बाहेर पडते, बाहेरून लाटा आत येतात आणि त्या पट्ट्यावर दोघांची झुंज लागते. इंजिन पूर्ण उघडले, तरी होडी जागची हलेना. पुढे जाणे राहिले बाजूला, ती हळूहळू मागे सरकू लागली. जाळे कापून टाकायची वेळ आली होती. शेवटी मागून येणाऱ्या एका मोठ्या नौकेने दोर टाकला. "किनाऱ्यावरून मला कंदील दिसत होता," ती म्हणाली. "अर्धा तास तो एकाच ठिकाणी होता. त्या दिवसापासून धाकट्याला मी पाठवत नाही. पाटल्या हातात घालून काय करू, सर?"

सोमवारी चिपळूणला सराफाकडे जायचे ठरले होते. तो दिवस शुक्रवारचा होता.

रात्री पडवीतल्या दिव्याखाली मी ते पुस्तक उघडले. आमच्या विद्यापीठाच्या नियमावलीइतके ते जाड होते आणि तितकेच सावध. निम्मी पाने 'हे करू नका' यातच संपली होती. पण एके ठिकाणी तीन वाक्ये सापडली आणि मी ताठ बसलो. इंजिन पूर्ण उघडले असता त्याचे फेरे मिनिटाला ५००० ते ६००० यांच्या दरम्यान पडले पाहिजेत. होडी नेहमी जेवढे ओझे वाहते, त्या ओझ्यासकट तेवढे फेरे पडतील असा पंखा निवडावा. जड कामाला कमी पिचचा पंखा घ्यावा. एवढेच. इंजिन कितीचे घ्यावे, यावर भांडण चालले होते आणि पुस्तक म्हणत होते, पंख्याकडे पाहा.

आता हे पिच म्हणजे काय? पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. या पंख्यावर सव्वानऊ आणि अकरा असे होते. आपला साधा स्क्रू लाकडात पिळला, की एका फेऱ्यात तो ठरावीक अंतर आत जातो. पाणी लाकडासारखे घट्ट असते, तर हा पंखा एका फेऱ्यात अकरा इंच पुढे गेला असता. पाणी घट्ट नसते, म्हणून तो काही अंतर घसरतो. पण पाऊल तो अकरा इंचांचे टाकू पाहतो. मी त्याला म्हणालो, "पिच म्हणजे ढांग. तुझा पंखा अकरा इंचांची ढांग टाकतोय." त्याने मान डोलावली. वीस वर्षे मी पारिभाषिक शब्दांवर व्याख्याने दिली. माझा एकच शब्द प्रत्यक्ष वापरात आला, तो हा.

ढांग लांब आणि ओझे जड, म्हणजे काय होते, हे त्यानेच पटकन ओळखले. "म्हणजे सर, भरलेली एस.टी. टॉप गिअरमध्ये कुंभार्ली घाट चढवायची!" बरोबर तेच. इंजिन धापा टाकते, पूर्ण फेरे घेत नाही, पेट्रोल मात्र गिळते. आतल्या भागात काजळी धरते आणि इंजिनाचे आयुष्य कमी होते. ताकद असते, पण ती बाहेर येत नाही.

झोपाळ्यावरून तांडेल म्हणाले, "गुरुजी, भरल्या होडीला लांब लांब वल्हं मारता येत नाही. आखूड मारायचं, पण भराभर." जे पुस्तकाने तीन वाक्यांत सांगितले, ते त्यांनी दोनांत सांगितले. मग स्वतःशीच पुटपुटले, "इंजिनाचंही तसंच असंल, हे कुठं माहीत होतं."

भाषेच्या माणसाला झोप येईना, म्हणून मी शब्दांकडे वळलो. या वस्तूला सगळे 'पंखा' म्हणतात, पण ती वारा घालत नाही. तिचे खरे कूळ आपल्या 'मळसूत्र' या शब्दात आहे. ज्यांनी बोटींना मळसूत्र प्रथम बसवले, त्यांत इंग्लंडमधला फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाचा एक शेतकरी होता. त्याचे मळसूत्र लाकडी होते आणि त्याला पूर्ण दोन वेढे होते. १८३७ साली लंडनमधल्या कालव्यात चाचणी चालू असताना ते कशाला तरी आपटले आणि त्याचा निम्मा भाग तुटून गेला. बोट बंद पडायची, तर ती पहिल्यापेक्षा वेगाने पळू लागली! पुढे १८४५ साली ब्रिटिश आरमाराने मळसूत्राची 'रॅटलर' आणि बाजूला चाके असलेली 'अलेक्टो' या दोन बोटी शेपटीला शेपटी बांधून उलट दिशांना ओढायला लावल्या. रॅटलरने अलेक्टोला मागे फरफटत नेले आणि चाकांचा जमाना सरत गेला. मला मात्र त्या रात्री तुटलेले मळसूत्रच आठवत राहिले. कधी कधी थोडे कमी करावे, तेव्हाच पुढे जाता येते.

सकाळी मी घरात सांगितले, "सोमवारी सराफाकडे जाऊ नका. दोन दिवस द्या." सांगताना पोटात खड्डा पडला. कवितेतल्या उपमेचा अर्थ चुकला, तर विद्यार्थ्याचे दोन गुण जातात. इथे माझे गणित चुकले असते, तर पुन्हा एखाद्या संध्याकाळी तो कंदील एकाच जागी थांबला असता.

म्हणून आधी इतर शंका फेडल्या. होडी आडवी करून तळ पाहिला. थोडे शेवाळ आणि बारीक शिंपले होते, ते खरवडून काढले; खरबरीत तळ पाण्यात अडतो. मग इंजिनाची उंची पाहिली. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. फार वर असली, तर पंखा वरून हवा ओढतो. इंजिन नुसते ओरडते आणि होडी तिथेच. ती पट्टी जागेवर होती. फेरे मोजायला मी पुण्याहून दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानातून एक छोटे मीटर नेले होते. त्याची तार स्पार्क प्लगच्या वायरीवर चार वेढे गुंडाळली, की ते फेऱ्यांचा आकडा दाखवते. वेग मोबाइलवर कळत होता, पण एकाच दिशेने मोजला तर पाण्याचा ओढ त्यात मिसळतो. म्हणून आम्ही दर वेळी एकदा ओढीबरोबर आणि एकदा ओढीविरुद्ध जाऊन दोन्हींची सरासरी काढली.

पहिल्यांदा होडीत आम्ही दोघेच. इंजिन पूर्ण उघडले. फेरे ५१००. वेग ११ नॉट. नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. सगळे छान! मी खचलो. पुस्तकाच्या हिशेबाने पंखा अगदी योग्य होता.

"दुकानदारानंही अशीच चाचणी दिली होती," तो म्हणाला. "मी आणि त्यांचा माणूस. होडी बाणासारखी गेली."

"त्या वेळी बर्फ, जाळी, मासळी काही होतं?"

"नाही."

"किती ओझं घेऊन येतोस, ते तू त्यांना सांगितलं होतंस का?"

"त्यांनी विचारलं नाही, सर."

आम्ही परत किनाऱ्याला आलो. पन्नास लिटरचे पाच कॅन पाण्याने भरून होडीत ठेवले. लिटरला किलो, म्हणजे अडीचशे किलो झाले. वर भिजलेली जाळी टाकली, त्याच्या ओळखीचे दोघे चढले. पुन्हा इंजिन पूर्ण उघडले. आवाजच बदलला, दम लागलेल्या माणसासारखा घोगरा झाला. मीटरवर ४४००. वेग ६ नॉट. ओहोटीची ओढ जोराची असेल, तर या सहातून उरणार किती?

दोष सापडला होता. पंखा रिकाम्या होडीच्या मापाचा होता. रिकामी होडी फक्त जाताना असते. घरी येताना ती भरलेली असते.

ढोबळ हिशेब असा, की ढांग एक इंचाने कमी केली, की फेरे सुमारे दोनशेने वाढतात. आम्हांला सहाशे हवे होते, म्हणजे तीन इंच. अकराच्या जागी आठ. आणखी कमी, सातचा का नको? कारण मग रिकाम्या होडीत इंजिन सहा हजारांच्या काठावर जाऊन भरकटू लागते, आणि तेही त्याला मारकच. आखूडपणालाही मर्यादा आहे.

शेजारच्या वाडीत एकाकडे असेच इंजिन होते आणि त्याला आठचा पंखा होता. विकत घेण्याआधी तो मागून आणला. दांड्यावरचे खाचे जुळले पाहिजेत, नाहीतर पंखा बसत नाही; ते जुळले. रविवारी सकाळी आम्ही आधी स्पार्क प्लगच्या टोप्या काढल्या, म्हणजे इंजिन चुकून चालू होऊन बोटे जायला नकोत. पाते आणि वरची पट्टी यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवला, कॉटर पिन काढली, नट सोडवला, दांड्याला ग्रीस लावले आणि अकरा उतरवून आठ चढवला. सगळे मिळून पंधरा मिनिटे.

पुन्हा तेच कॅन, तेच जाळे, तीच माणसे. त्याने इंजिन उघडले आणि घोगरा आवाज मोकळा झाला. मीटर ४८०० वर आले, ४९०० वर आले आणि ५००० च्या जरा पुढे जाऊन स्थिरावले. वेग ७ नॉट. फरक एकाच नॉटचा. पण मागे सरकणे आणि पुढे जाणे यांच्यात तेवढेच अंतर होते. आम्ही मुद्दाम ओहोटीला खाडीच्या तोंडाशी गेलो. होडी थरथरली, नाळ वर झाली, खाली आली, आणि किनाऱ्यावरची माडाची झाडे एकेक करून मागे पडू लागली. कॅन उतरवून रिकामी होडीही पळवून पाहिली. फेरे ५७००, मर्यादेच्या आत. वेग मात्र अकरावरून सव्वादहावर आला. तेवढे गमावले, ते गमावण्यासारखेच होते.

परतताना त्याने इंजिन मंद केले. पाणी शांत होते. सहा-सात वर्षे मनात ठेवलेला प्रश्न मी तिथे विचारला. "अरे, तू कॉलेज सोडलंस, ते मी वर्गात बोललो म्हणून का?"

तो हसला. "छे सर. बाबांची पाठ गेली म्हणून. दुसरं कोण जाणार होतं?"

मला हायसे वाटले. पण ते फार टिकले नाही. तोच सहज म्हणाला, "त्या वर्षी मी बाबांबरोबर रात्री दोनला जाळ्याला जायचो. सहाला परत, आठला तुमचा तास."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही, सर."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. दुकानदाराविषयी बोलताना होता तसाच साधा स्वर होता. पुढे किनारा येईपर्यंत मी काही बोललो नाही.

किनाऱ्यावर त्याची आई उभी होती. तिने काही विचारले नाही. होडीच्या आवाजावरून तिला कळले असावे. सोमवारी चिपळूणला कोणी गेले नाही. काही हजार रुपयांचा नवा पंखा पुढे मुंबईहून आला. पूर्वी ज्या फेरीला वीस लिटर पेट्रोल लागे, तिला आता सतरा लागते, असे त्याने नंतर कळवले. २०२१ साली पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हापासून त्या वाडीत लिटरचा हिशेब ठेवतात. धाकटा भाऊ पुन्हा होडीवर जातो.

निघताना त्याने जुना पंखा कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. मी म्हणालो, "अरे, राहू दे तुझ्याजवळ. अडीअडचणीला होईल."

"अडचणीच्या वेळी चुकीचा पंखा काय कामाचा, सर?"

तोच हा पंखा. येताना एस.टी. माणसांनी आणि दिवाळीच्या सामानाने गच्च भरली होती. कुंभार्लीच्या पहिल्याच वळणावर चालकाने गिअर खाली घेतला. गाडी हळू झाली आणि न थांबता घाट चढून आली. पंखा माझ्या मांडीवर होता.

या जूनमध्ये कॉलेज सुरू झाले, तेव्हा पहिल्या तासाला मी हजेरीबरोबर प्रत्येकाला एक प्रश्न विचारला: सकाळी इथे येण्याआधी काय काय करून येता? आधी वर्ग हसला. मग उत्तरे येऊ लागली. एक जण पहाटे चारला वर्तमानपत्रे टाकतो. एक मुलगी आजीला आंघोळ घालून, घरचा स्वयंपाक करून येते. एकजण रात्री पेट्रोलपंपावर असतो. मी ते सगळे वहीत लिहून घेतले. अभ्यासक्रम तोच आहे, परीक्षाही तीच आहे. ती काही मला बदलता येत नाही. ढांग थोडी आखूड करता येते.

परवा शेवटच्या बाकावर तो पेट्रोलपंपावरचा मुलगा झोपला होता. शेजारचा त्याला कोपराने ढोसू लागला. मी हातानेच नको म्हटले आणि तास पुढे चालू ठेवला. जरा हळू आवाजात.